शुक्रवारचे आकडे

सत्यभामा गजभिये बँकेत लागल्या तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातलं एक मोठं गाव होतं. वडील नत्थूजी रेल्वेत खलाशी होते. भंडाऱ्याकडून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी बुढापारा नावाच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या आणि दोन वर्षांत गेले. धाकट्या भावाचं शिक्षण सत्यभामांनी केलं. मग आई शेवंताबाई अंथरुणाला खिळली. ती आठ-नऊ वर्षं तशीच होती, आणि त्या काळात स्थळं यायची थांबली. आई गेली त्या वर्षी भावाला सिलतऱ्याच्या कारखान्यात पक्की नोकरी लागली होती. तो बायको-मुलाला घेऊन समता कॉलनीत राहायला गेला. दोन खोल्यांत सत्यभामाबाई एकट्या उरल्या. तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षी नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय आलं, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, घरभाडी वाढली. बँकेचं कार्यालयही मोठं झालं. आतापर्यंत या भागातल्या शाखांचे आकडे भोपाळला जात. आता ते रायपूरलाच गोळा करून थेट मुंबईला पाठवायचे होते. त्यासाठी आकडेवारीचं एक टेबल निघालं आणि ते सत्यभामाबाईंना दिलं गेलं. दुसऱ्या कोणाला ते नकोच होतं. तिथे ग्राहक येत नसत, कोणाशी बोलणं होत नसे, आणि एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी घरी जायला उशीर व्हायचा.

काम असं होतं. देशात एकूण पैसा किती आहे हे सरकारला आणि रिझर्व्ह बँकेला सतत ठाऊक असावं लागतं. पैसा फार झाला तर महागाई वाढते, आटला तर धंदे अडतात. मोजायची रीत सांगायला सोपी आहे. लोकांच्या खिशात, डब्यात, गल्ल्यात असलेल्या नोटा आणि नाणी एकीकडे, लोकांनी बँकांत ठेवलेल्या ठेवी दुसरीकडे, आणि दोन्हींची बेरीज. बँकेच्या स्वतःच्या तिजोरीत पडलेली नोट त्यात धरत नाहीत, कारण ती कोणाच्या हातात नसते. ठेवींचा आकडा सगळ्या बँकांनी पंधरा दिवसांनी, ठरलेल्या शुक्रवारी, द्यायचा असतो. तो गोळा करायचा तर दूरदूरच्या शाखांकडून मागवायला हवा, आणि तेव्हा बऱ्याच शाखांत कॉम्प्युटर नव्हते. म्हणून फोन.

दुपारी चारनंतर सत्यभामाबाई रिसीव्हर कानाला लावून बसत. धमतरी, महासमुंद, कांकेर, मग त्याच्याही पुढच्या शाखा. चालू खाती, बचत खाती, मुदत ठेवी, हाताशी असलेली रोकड. पलीकडचा माणूस हिंदीत आकडे सांगे, त्या लिहून घेत आणि परत वाचून दाखवत. लाईन खराब असे. कधी पलीकडून नुसती खरखर येई, कधी मध्येच तिसऱ्याच कोणाचं लग्नाचं बोलणं ऐकू येई.

कोरनार नावाची एक शाखा बस्तरच्या दिशेला, जंगलाच्या तोंडाशी होती. तिथला शाखाधिकारी नवा आला होता. एका शुक्रवारी तो बचत खात्यांचा आकडा सांगू लागला.

"उन्यासी लाख."

"उनहत्तर कि उन्यासी?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"उन्यासी."

"सात पे नौ, या छह पे नौ?"

खरखर झाली. पलीकडचा आवाज चढला, "अरे, एकोणऐंशी हो बाई! एकोणऐंशी!"

सत्यभामाबाईंचं पेन थांबलं. मग त्यांना हसू आलं. ऑफिसात त्यांना हसताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही मराठी आहा काय?" त्यांनी विचारलं.

"हो जी. मी हटवार. गंगाधर हटवार, भंडाऱ्याकडल्या पवनीचा. अन् तुम्ही?"

"गजभिये."

आडनाव सांगून त्या जरा थांबल्या. आडनाव ऐकल्यावर माणसाचा आवाज कसा बदलतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण हटवारांचा आवाज होता तसाच राहिला. "गजभिये म्हणजे आमच्याकडचेच निघाले तुम्ही," ते म्हणाले. "मग हिंदीत काहून डोकं फोडून राहिलो आपण? लिहा, एकोणऐंशी लाख, चाळीस हजार."

तेव्हापासून कोरनारचा फोन त्या सगळ्यात शेवटी लावू लागल्या.

भावाच्या घरी आता हिंदी चाले. भाच्याला, यशदीपला, मराठी कळे. "जेवला का रे?" असं विचारलं की तो "हाँ बुआ, खा लिया" म्हणे. बुढापाऱ्यात शेजारी चांगले होते, पण बोलणं भाजी-पाण्यापुरतं आणि तेही छत्तीसगढीत. आई गेल्यावर आपण मराठीत चार वाक्यं सलग बोललोच नाही, हे सत्यभामाबाईंच्या त्या शुक्रवारी लक्षात आलं.

हटवारांचं कुटुंब पवनीला होतं. मुलांची शाळा तिथे होती आणि कोरनारला नीट शाळा नव्हती. ते बँकेच्या मागच्या खोलीत राहत, स्वतःच्या हातानं भात-वरण करत. फोनवर आधी आकडे होत आणि मग दोन-चार वाक्यं. हळूहळू वाक्यं वाढली. पण ती नेहमी आकड्यांवरून निघत.

"या वेळी ठेवी काहून उतरल्या?" सत्यभामाबाई विचारत.

"तेंदूपत्ता सुरू झाला नं बाई. विडीचं पान तोडणाऱ्यायले मजुरी वाटून राहिले. सगळी रोकड इथून गेली, आता ती बाजारात फिरून राहिली. परवाच्या हाटात एका बाईनं तीन पातळं घेतली, अन् नवऱ्यासाठी टॉर्च."

"मग परत कधी येईल?"

"येते नं. कपडेवाल्याकडून येते, किराणावाल्याकडून येते. दोन महिन्यांनी पाहा, तोच पैसा माझ्याकडे ठेव म्हणून येऊन बसते."

आणि तसंच होई. नोटांच्या बाजूनं उतरलेला पैसा ठेवींच्या बाजूला चढे. देशाच्या बेरजेत काही फरक पडत नसे, पण सत्यभामाबाईंना मधली टॉर्च दिसे. मोहाची फुलं कधी वेचतात, धानाचे पैसे कधी सुटतात, कोरनारच्या यात्रेला किती गर्दी होते, हे त्यांना रायपुरात बसून कळू लागलं. त्या गावी त्या कधी गेल्या नव्हत्या. हटवारही त्यांनी पाहिले नव्हते. आवाजावरून त्यांनी एक उंच, रुंद खांद्याचा, मिशीवाला माणूस मनात उभा केला होता.

चौथ्या की पाचव्या वर्षी एक गोष्ट घडली. ती ऑफिसात पुढे बरेच दिवस सांगितली जात होती.

त्या शुक्रवारी सत्यभामाबाईंनी फोन लावायच्या आधी हटवारांचाच फोन आला, अकरा वाजता. मागे माणसांचा गलका होता.

"बाई, आजचा आकडा आता घेऊ नका. घटकेघटकेले बदलून राहिला."

"काय झालं?"

"शेजारच्या गावची शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली नं. इकडे कोणीतरी उठवलं का कोरनारचीही बँक बंद होते, पैसे बुडतात. पहाटेपासून लोक येऊन उभे आहेत. सगळ्यायले सगळे पैसे पाहिजेत."

"रोकड किती आहे?"

त्यांनी सांगितलं. सत्यभामाबाईंनी मागच्या पंधरवड्याच्या ठेवी आठवल्या. दहा जणांपैकी एकाला देता येईल एवढीही रोकड नव्हती. यात हटवारांचा दोष नव्हता, कुठल्याच बँकेत ती तशी नसते. लोकांनी ठेवलेला पैसा पुढे कर्जाऊ गेलेला असतो. कोरनारचा पैसा पंपांत, बैलजोड्यांत, दुकानांच्या मालात होता. तो होता, पण त्या दिवशी दुपारी हातात देता येण्यासारखा नव्हता.

"जिल्ह्याच्या तिजोरीकडे मागितले," हटवार म्हणाले. "ते म्हणतात सोमवारी पाठवतो. सोमवारपर्यंत मी या लोकायले काय सांगू? तुम्ही साहेबायले बोलून पाहा."

सत्यभामाबाई वरिष्ठांच्या केबिनमध्ये शक्यतो जात नसत. त्या उठल्या आणि निरंजन पाठक साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पाठक साहेब भोपाळचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आज का दिन निकाल लेगा वह?" त्यांनी विचारलं.

"आज निकाल लेंगे सर. कल का पता नहीं."

साहेबांनी लगेच फोन उचलला. जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा बोलले, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. शेवटी शनिवारी सकाळी पहारेकऱ्यांसह गाडी निघेल असं ठरलं. सत्यभामाबाईंनी ते हटवारांना कळवलं. "बरं झालं," एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी बँक अर्धा दिवस होती. सत्यभामाबाईंनी सकाळपासून कोरनारला फोन लावून पाहिला. लाईन बंद होती. दुपारी सगळे घरी गेले, त्या थोडा वेळ थांबल्या, मग त्याही गेल्या. रविवार त्यांना फार लांब वाटला. बुढा तलावाच्या काठानं त्या दोनदा चालून आल्या. तलावावर नेहमीसारखी रविवारची गर्दी होती, आईसक्रीमच्या गाड्या होत्या. कोणाला थांबवून विचारावं असं काही नव्हतं. कोरनार कुठे आहे हेच कोणाला माहीत नसेल. संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या, पण तिथे टीव्हीवर सामना चालू होता. त्यांनी चहा घेतला आणि परत आल्या. गावातल्या एखाद्याचं डोकं फिरलं असेल आणि त्यानं हटवारांवर हात उचलला असेल, हा विचार काही केल्या जाईना. ते गृहस्थ आपले कोण, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

सोमवारी अकरा वाजता फोन वाजला.

"बाई, हटवार बोलतो."

सत्यभामाबाईंनी सवयीनं कागद पुढे ओढला. मग त्या म्हणाल्या, "हो जी. सांगा."

"शनिवारी गाडी आली दहाच्या सुमारास. मी मुद्दाम पेट्या मागच्या दारानं नाही घेतल्या. समोरून, रांगेच्या मधून घेतल्या. एक एक पेटी, हळूहळू. लोक पाहून राहिले होते. टेबलावर गड्ड्या मांडल्या अन् म्हटलं, या, ज्याले पाहिजे त्यानं घ्या. पहिल्या पाच-सहा जणायनं घेतले. मग रांगेतला एक म्हातारा म्हणाला, पइसा तो हावय, चलव घर. अन् निघून गेला. त्याच्या मागं दुसरा. अर्ध्या तासात रांग मोडली."

"पैसे घेतल्याशिवाय?"

"घेतल्याशिवाय! अन् आज सकाळी काय झालं, सांगू? शुक्रवारी सगळे पैसे नेलेली एक बाई परत ठेवायले आली. म्हणे तीन रात्री झोप नाही लागली, घरी ठेवू तरी कुठं." हटवार हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "पैसा आहे का नाही, हे कोणी पाहतच नाही बाई. मागितला तर भेटते का, एवढंच पाहते माणूस."

त्या दिवशी ते बराच वेळ बोलले. आकडा नव्हता, शुक्रवार नव्हता, तरी बोलले. सत्यभामाबाईंनी पहिल्यांदाच त्यांना आईच्या आजारपणाबद्दल सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "जेवण वेळेवर करत जा."

असं आणखी तीनेक वर्षं चाललं. मग बँकेतल्या सगळ्या शाखा एका यंत्रणेला जोडल्या जाऊ लागल्या. आधी शहरातल्या, मग तालुक्याच्या, सगळ्यात शेवटी कोरनारसारख्या. आता शाखेत दिवस संपला की आकडे आपोआप मुंबईला पोचणार होते. पाठक साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी सत्यभामाबाईंना बोलावून सांगितलं, "मैडम, अब आपको फोन-वोन का झंझट नहीं." त्यांनी ते आनंदानं सांगितलं होतं. सत्यभामाबाईंनी "जी सर" म्हटलं.

शेवटच्या शुक्रवारी हटवारांनी आकडे सांगितले, त्यांनी लिहून घेतले आणि वाचून दाखवले.

"आता यानंतर काम नाही पडत फोनचं," हटवार म्हणाले.

"नाही पडत."

"असाच लावत जा कधी."

"हो. लावीन नं."

"बरं मंग."

"बरं."

त्यांनी लावला नाही. लावायचा तर काय सांगून लावायचा? इतकी वर्षं प्रत्येक बोलण्याच्या आधी एक आकडा होता, त्याच्या आडोशानं बाकीचं बोललं जाई. नुसतंच "कसे आहात" म्हणून परक्या संसारी माणसाला फोन करावा, हे त्यांना जमेना. दुपारी चारला त्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसत. पडद्यावर कोरनारची ओळ असे, ठेवींचा आकडा असे, आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तो उतरलेलाही दिसे. त्या वर्षी हाटात कोणी काय घेतलं, ते मात्र कळत नसे. वर्षभरानं एका शुक्रवारी त्यांनी न राहवून नंबर फिरवला. एका तरुण आवाजानं फोन घेतला. "हटवार सर का तो ट्रान्सफर हो गया, मैडम. कुछ काम था?"

"नहीं," त्या म्हणाल्या. कुठे झाली, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी, मार्चमध्ये, ऑफिसच्या हॉलमध्ये कोणीतरी फार मोठ्यानं बोलत होतं. सत्यभामाबाईंनी मान वर केली नाही, पण हात थांबला. आवाज चढलेला होता, जरा फाटलेला होता, तरी तो तोच होता.

"यहाँ गजभिये मैडम कौन हैं?"

दाराशी एक बुटका, किरकोळ माणूस उभा होता. मिशी नव्हती. डोक्याला मफलर गुंडाळलेला होता आणि हातात निवृत्तीच्या कागदांची पिशवी होती. सत्यभामाबाई उठून पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "मीच जी."

"काय?"

"मी. गजभिये."

त्यांनी डावा कान पुढे केला. "जरा मोठ्यानं बोला बाई. हा उजवा तर पूरा गेला, अन् डाव्यात थोडंसं आहे. आयुष्यभर फोन उजव्याच कानाले लावला नं, म्हणूनच गेला म्हणते आमची बायको." ते हसले. हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्या त्यांना बाहेर घेऊन गेल्या. तलावाजवळच्या चहाच्या दुकानात दोघं बाकावर बसले. शेजारी कॉलेजची मुलं होती, स्कूटरवाले येत-जात होते. हटवारांनी सांगितलं की कोरनारनंतर ते डोंगरगडकडे होते, आता नागपूरला मुलाकडे राहणार. नातू झाला होता. ते बोलत आणि सत्यभामाबाई मान हलवत. काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे, आणि त्यांच्याजवळचं काहीही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षांत त्यांनी मनात किती बोलणी तयार ठेवली होती. त्यातलं एकही त्या दुकानात बाहेर काढता येईना.

"तुम्ही कोणासंगं राहता?" हटवारांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

सत्यभामाबाई काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

मुलं बघत होती. चहावालाही बघत होता. 'एकटी' हा शब्द एवढ्या मोठ्यानं म्हणणं त्यांना शक्य नव्हतं.

"भावाकडे!" त्या ओरडल्या. "भावाकडे राहते!"

"हां, हां," हटवारांचा चेहरा मोकळा झाला. "मले वाटायचं, एकट्या असाल. बरं आहे मग."

त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. सत्यभामाबाईंनी त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि आपला मोबाईल नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. परत येऊन त्या टेबलाशी बसल्या. कोणीतरी विचारलं, "कौन थे मैडम?" त्या म्हणाल्या, "कोरनार ब्रांच के."

नोटाबंदीचं वर्ष त्यांच्या नोकरीचं शेवटचं. लोकांच्या हातातला पैसा काही आठवड्यांत बँकांत येऊन पडला. सत्यभामाबाईंना आकड्यांवरून उठवून बाहेर रांगेतल्या म्हाताऱ्यांना स्लिपा भरून द्यायला बसवलं. लोक थकलेले होते, चिडलेले होते, कोणी रडकुंडीला आलेलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं त्यांच्याशी बोलत होती. त्या दिवसांत त्यांना घरी गेल्यावर लगेच झोप लागे, आणि याची त्यांना थोडी लाजही वाटे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरची खोली अनुश्री नावाच्या मुलीला भाड्यानं दिली. ती समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या पाळ्या बदलत असल्यामुळे दोघींची गाठ कमी पडते. सत्यभामाबाई तिच्यासाठी भाजी झाकून ठेवतात आणि ती भांडं घासून परत ठेवते.

गेल्या दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कढी करत होत्या. मोबाईलवर अनोळखी नंबर आला.

"बाई, हटवार बोलतो, नागपूरहून," पलीकडून मोठ्यानं आवाज आला. "मले तुमचं काही ऐकू येणार नाही. तुम्ही नुसतं ऐका."

आणि ते बोलू लागले. नातू शाळेत जाऊ लागला होता, इंग्रजी कविता म्हणे. बायकोचे गुडघे दुखत. सून चांगली होती, पण दिवसभर घरात कोणी नसे. मोहल्ल्यात सगळे आपापल्या कामाचे. पवनीचं घर विकलं होतं. सत्यभामाबाई आधी गप्प राहून ऐकत होत्या. मग त्या सवयीनं "हो जी" म्हणाल्या. मग "मीही आज कढीच करून राहिले" म्हणाल्या. हटवार थांबले नाहीत, त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. मग सत्यभामाबाईही थांबल्या नाहीत. त्यांनी अनुश्रीचं सांगितलं, ती पोट्टी मराठी असून हिंदीत बोलते हे सांगितलं, भावाला मधुमेह निघाल्याचं सांगितलं, घराला या वर्षी कोणता रंग दिला तेही सांगितलं. हळू आवाजात, जसं आईशी बोलत तसं. हटवार नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल सांगत होते आणि त्या आपलं सांगत होत्या. दोघं एकाच वेळी बोलत होते.

"बरं मंग, ठेवतो," हटवार म्हणाले.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

कढी उतू जाऊन शेगडी विझली होती. त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला आणि अनुश्रीसाठी उरलेली कढी वाटीत काढून ठेवली.